वारा अडवावा, घाम सोडावा



सायकल आपल्या खेड्यांना नवी नाही. दूधवाल्याच्या किटल्या तिने वाहिल्या, पोस्टमनची पिशवी गावोगाव नेली आणि कितीतरी गुरुजींना वाडीवरच्या शाळेत वेळेवर पोचवले. पण गेल्या काही वर्षांत आपल्या घाटांतून एक निराळी सायकल दिसू लागली आहे. तिचे टायर जाड आणि खाचांचे, हँडल रुंद आणि सरळ, गिअर पुष्कळ. डांबरी रस्ता संपला तरी ही सायकल थांबत नाही. पाणंद, बैलगाडीची चाकोरी, डोंगराच्या सोंडेवरची पायवाट, सगळीकडे ती जाते. हिला माउंटन बाइक म्हणतात.

ह्या सायकलीचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यातल्या माउंट टॅमलपायस ह्या डोंगराच्या परिसरात, १९७० च्या दशकात झाला. तिथली तरुण मंडळी जाड टायरच्या जुन्या सायकली डोंगरावर नेत आणि मातीच्या वाटेने वेगात खाली उतरत. १९७६ साली तिथे उताराच्या शर्यती सुरू झाल्या. त्या वाटेचे नाव ‘रीपॅक’ पडले, त्याची गंमत अशी, की उतरताना मागच्या चाकातला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई आणि फेरी संपल्यावर ते पुन्हा भरावे लागे.

म्हणजे उतारावर ब्रेक तापतो. पण सायकलस्वाराचे काय होते? तो गारठतो. आज आपण विचार करणार आहोत तो ह्याच गोष्टीचा. डोंगरात सायकल चालवणाऱ्याने अंगावर कोणते जाकीट घ्यावे? दुकानदार ज्याला विंडचीटर म्हणतात, ते नेमके कसे असावे? ते कसे पारखावे?

आता तुमच्यापैकी कोणी म्हणेल, “सायकल चालवायला जाकीट कशाला हवं? चार पेडलं मारली, की ऊब आपोआप येते!” हे म्हणणे खरे आहे, पण ते अर्धेच खरे आहे. चढाचे ते खरे, उताराचे नव्हे.

वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट उदाहरणाला घेऊ. वाई समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर, तर पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर. उंची हजार मीटरने वाढली, की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्या हिशेबाने पायथा आणि माथा ह्यांत सुमारे चार अंशांचा फरक धरायला हरकत नाही. जानेवारीतल्या एखाद्या पहाटे कोणी तरुण सायकल घेऊन हा घाट चढू लागला, तर त्याला तास-सव्वा तास लागेल. चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटर, म्हणजे अंगाला वारा नावापुरताच. मेहनत मात्र भरपूर.

माणूस पेडलला जी शक्ती देतो, तिच्या तिप्पट ते चौपट उष्णता त्याच्या शरीरात तयार होते. कष्टाने चढणाऱ्या माणसाचे शरीर सुमारे पाचशे वॉट उष्णता बाहेर टाकत असते. शंभर वॉटचे पिवळे दिवे तुम्हांला आठवत असतील. तसे पाच दिवे अंगात पेटले आहेत, अशी कल्पना करा. ही उष्णता बाहेर घालवण्यासाठी शरीर घाम सोडते. माठातले पाणी झिरपते, सुकते आणि आतले पाणी गार करते. तोच हा न्याय. एक लिटर घाम अंगावर पुरता सुकला, तर तो जेवढी उष्णता घेऊन जातो, तेवढ्यात सात लिटर साधे पाणी उकळीला येईल. निसर्गाची ही योजना मोठी नामी आहे.

पण हा तरुण माथ्यावर पोचतो, घोटभर चहा घेतो आणि उलट फिरतो. उताराला पेडल मारावेच लागत नाही. पाच दिव्यांतले चार विझले, एकच उरला. इकडे वेग झाला ताशी चाळीस किलोमीटर. झाडाचे पानही हलत नसले, तरी त्याच्या छातीवर ताशी चाळीस किलोमीटरचा वारा आदळतो आहे. आणि अंगातले बनियन? ते घामाने चिंब. चूल मंदावली, वारा वाढला आणि कपडा ओला, अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या. चढताना माठाची जी युक्ती उपकारक होती, तीच आता वैरीण झाली.

वारा नेमके काय करतो, हे समजून घेऊ. आपल्या अंगालगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो. तो आपले अदृश्य पांघरूणच. बशीतल्या चहावर आपण फुंकर घालतो, तेव्हा चहावरची गरम हवा बाजूला सरते, वाफ लवकर उडते आणि चहा निवतो. वारा आपल्याला असाच निववतो.

ह्याचे मोजमापही झाले आहे. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसल ह्या दोन अमेरिकन संशोधकांनी १९४० च्या सुमारास दक्षिण ध्रुवाच्या मुलखात, वेगवेगळ्या वाऱ्यात पाणी गोठायला किती वेळ लागतो, ह्याचे प्रयोग केले. त्यातून वाऱ्याच्या गारठ्याचा हिशेब निघाला आणि २००१ साली अमेरिका व कॅनडा ह्या देशांनी तो सुधारून घेतला. त्या हिशेबाने हवा १० अंश सेल्सिअस असताना ताशी ४० किलोमीटरचा वारा लागला, तर उघड्या चेहऱ्याला ती ६ अंशांसारखी वाटते. हवा ५ अंश असेल, तर शून्याच्या खाली १ अंश असल्यासारखी. हवा शून्यावर असेल, तर शून्याच्या खाली ७ अंश असल्यासारखी. आणि लक्षात घ्या, हे आकडे कोरड्या कातडीचे आहेत. ओल्या अंगाची गोष्ट ह्याहून वाईट.

“थोडी थंडी वाजली तर काय बिघडलं?” असे कोणी विचारील. बिघडते ते असे. गारठ्यात शरीर रक्त पोटा-छातीकडे राखून ठेवते आणि हातापायांकडे कमी सोडते. मग बोटे बधिर होतात आणि उतारावर आपला जीव असतो तो बोटांवर, कारण ब्रेक त्यांच्या हाती. बोट वळेना, ब्रेकचा अंदाज येईना, कुडकुडण्याने हँडल थरथरू लागले आणि समोर वळण आले, तर अपघाताला आणखी काही लागत नाही. हिमालयासारख्या ठिकाणी धोका पुढे जातो. शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले, की बोलणे अडखळते, पाय लटपटतात, विचार सुचत नाही. अशा माणसाला आपल्याला काही होते आहे, हेच पुष्कळदा कळत नाही. सोबत्यांनी ओळखावे लागते.

तेव्हा वारा अडवायला हवा, हे ठरले. मग सोपा उपाय म्हणून आपण काय करतो? रेनकोट चढवतो. वारा अडतो खरा, पण दहा मिनिटे चढ लागला, की आत काय होते, हे तुम्ही जाणता. प्लॅस्टिकच्या पिशवीत भाजी ठेवली, तर पिशवीला आतून पाणी सुटते. तसेच अंगाला पाणी सुटते. बाहेरचा वारा आत येत नाही, हे खरे, पण आतला घामही बाहेर जात नाही. पुढे उतार लागला, रेनकोटची बटणे उघडी राहिली, की ओल्या अंगावर वारा. म्हणजे आगीतून निघून फुफाट्यात.

ह्या कोड्याचे उत्तर आपल्या बापजाद्यांनी आपल्यापुरते शोधले होते. भातलावणीच्या वेळचे इरले आठवा. बांबूच्या कामट्या आणि पाने ह्यांचे ते इरले डोके आणि पाठ झाकते, पण पोटाची बाजू मोकळी ठेवते. वाकून काम करणाऱ्याला पाऊस पाठीवर लागतो, म्हणून पाठ झाकायची. घाम यायचा तो मोकळ्या बाजूने निघून जाऊ द्यायचा. सर्व बाजूंनी बंद असलेल्या पोत्यात शिरून कोणी लावणी करत नाही. सायकलस्वाराचे गणित ह्याच्या उलट आहे. त्याचा वारा समोरून येतो. तेव्हा छाती, खांदे आणि हात झाकावेत. पाठ आणि काखा शक्य तितक्या मोकळ्या ठेवाव्यात. उत्तम जाकीट म्हणजे उलटे धरलेले इरलेच.

युरोपातल्या सायकल-शर्यतींत अशीच एक जुनी युक्ती चालत आली आहे. आल्प्स पर्वताच्या खिंडीत पोचल्यावर स्पर्धक प्रेक्षकांकडून वर्तमानपत्र घेत, ते सदऱ्याखाली छातीवर सारत आणि उताराला लागत. छातीवर कागद, पाठ मोकळी. तळाशी आल्यावर कागद काढून टाकायचा. पैसा लागत नाही, वजन नाही. आजही जाकीट नसेल, तर ही युक्ती कुणालाही करता येईल.

कापडाच्या बाबतीत माणसाने ह्यापुढे बरीच मजल मारली. इंग्लंडमध्ये टॉमस बर्बरी ह्यांनी १८७९ साली गॅबर्डिन हे घट्ट विणीचे कापड काढले. ते रबरी कोटासारखे पूर्ण बंद नव्हते. तरी वारा आणि हलका पाऊस त्याला भेदत नसे. १९३५ साली अमेरिकेत नायलॉनचा शोध लागला. १९५३ साली तेनसिंग नोर्गे आणि एडमंड हिलरी एव्हरेस्टच्या शिखरावर पोचले, तेव्हा त्या मोहिमेचे वारा अडवणारे वरचे कपडे सूत आणि नायलॉन ह्यांच्या मिश्रणाचे होते. पुढे १९६९ साली बॉब गोर ह्यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून त्याचा सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा बनवला. त्याच्या छिद्रांतून पाण्याचा थेंब जात नाही, पण वाफ जाऊ शकते. हेच ते गोरटेक्स.

आज बाजारात जी जाकिटे मिळतात, त्यांचे आपल्या कामापुरते तीन वर्ग करता येतील. पहिला वर्ग पूर्ण बंद कापडाचा, म्हणजे आतून प्लॅस्टिकचा किंवा रबरी लेप दिलेला. तो पावसात उभे राहायला बरा, चढावर वाईट. दुसरा वर्ग पापुद्र्याच्या कापडाचा. तो पाऊस अडवतो आणि वाफही सोडतो, पण हळूहळू सोडतो. शिवाय वजनाने आणि किमतीने भारी. तिसरा वर्ग लेप नसलेल्या, पातळ पण दाट विणीच्या नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. ह्यातली पुष्कळ जाकिटे ऐंशी ते दीडशे ग्रॅम वजनाची असतात आणि घडी केली, की मुठीत मावतात. कोरड्या हवेतल्या घाटासाठी हा तिसरा वर्ग आपल्या कामाचा.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी, कारण पुष्कळ लोक तिथेच फसतात. वारा जितका पक्का अडवावा, तितका घाम बाहेर जायला कमी वाव राहतो. दोन्ही गुण शंभर टक्के देणारे कापड अजून निघालेले नाही. जाहिरात काही म्हणो, हा सौदा आहे. एक हात द्यायचे, एक हात घ्यायचे. म्हणून जो माणूस चढावर खूप घाम गाळतो, त्याने सर्वांत पक्के कापड शोधू नये. किंचित हवा आत घेणारे कापड त्याच्या जास्त सोयीचे. वाऱ्याचा मारा त्यात मोडतो, झुळूक तेवढी आत येते आणि तीच घाम सुकवते.

काही जाकिटांच्या चिठ्ठीवर ह्याचा आकडा असतो. त्याला सीएफएम म्हणतात. एका चौरस फूट कापडातून ठरावीक दाबाने मिनिटाला किती घनफूट हवा जाते, ते हा आकडा सांगतो. आकडा एकाच्या आत असेल, तर वारा जवळजवळ पूर्ण अडला. पन्नासाच्या पुढे गेला, तर वाऱ्याला दार बरेच उघडे. घाट चढणाऱ्याने पाच ते तीसच्या दरम्यानचे कापड पाहावे. दुसरा आकडा डेनियरचा. नऊ हजार मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. वीस डेनियरचा धागा नऊ किलोमीटर लांब घेतला, तरी वजन वीसच ग्रॅम! दहा डेनियरचे जाकीट अगदी फुलासारखे हलके असते, पण सह्याद्रीच्या वाटेवर करवंदीची जाळी त्याला एका फेरीत फाडील. रानवाटेने जाणाऱ्याने वीस ते चाळीस डेनियरचे घ्यावे. दहा-वीस ग्रॅम वजन वाढले, तर वाढू द्यावे.

पण समजा, चिठ्ठीवर आकडाच नाही. आपल्या तालुक्याच्या दुकानात तो बहुधा नसतोच. मग पारख कशी करायची? दुकानदार म्हणतो, “दादा, एकदम वॉटरप्रूफ माल आहे. थेंब आत यायचा नाही.” तुम्ही म्हणावे, “शेठ, थेंब आत येत नाही हे कळलं. पण वाफ बाहेर जाते का, ते बघू द्या.” आणि कापड सरळ तोंडाला लावावे. ओठ घट्ट टेकवून जोरात फुंकावे आणि दुसऱ्या बाजूला तळहात धरावा. फुंकर मुळीच बाहेर पडली नाही, तर कापड बंद आहे. फुंकर सरळ पलीकडे आली, तर ते वारा अडवणार नाही. जोर लावल्यावर थोडीशी, मऊ झुळूक तळहाताला लागली, तर ते आपल्या कामाचे. ह्या परीक्षेला एक पैसाही लागत नाही.

दुसरी परीक्षा घरी किंवा शाळेत करण्यासारखी आहे. गुरुजींनी आणि बाईंनी ती विज्ञानाच्या तासाला जरूर करावी. दोन सारखे पेले घ्यावेत आणि त्यांत अर्ध्यापर्यंत गरम पाणी ओतावे. पाणी मोठ्या माणसानेच ओतावे. एका पेल्याच्या तोंडावर जाकिटाचे कापड आणि दुसऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने ताणून बसवावी. मग दोन्हींवर एकेक कोरडा, गार काचेचा ग्लास उपडा ठेवावा. दोन-तीन मिनिटांनी पाहावे. वाफ सोडणाऱ्या कापडावरच्या ग्लासात आतून धुके धरेल. प्लॅस्टिकवरचा ग्लास कोरडा राहील आणि पाण्याचे थेंब पिशवीच्या खालच्या बाजूला जमतील. ‘श्वास घेणारे कापड’ म्हणजे काय, हे मुलांना पुन्हा समजावून सांगावे लागणार नाही. बाष्पीभवन, सांद्रीभवन आणि कापडाची वीण हे तीन धडे एका प्रयोगात होतात.

आता बेतणीकडे वळू. सायकलवर माणूस ताठ बसत नाही, पुढे वाकतो. म्हणून जाकीट उभ्याने घालून पाहण्यात अर्थ नाही. दुकानातच खुर्चीवर बसावे, वाकून हात हँडलवर ठेवल्यासारखे पुढे करावेत आणि मग पाहावे. मागची कड वर चढून कंबर उघडी पडली, तर ते जाकीट आखूड. बाही मनगटाच्या वर सरकली, तर वारा बाहीतून थेट काखेत शिरेल. मागची कड पुढच्यापेक्षा लांब आणि मनगटाला इलॅस्टिक असलेले बरे.

जाकीट अंगाबरोबर असावे, पण आवळू नये. ढगळ जाकीट उतारावर शिडासारखे फुगते आणि फडफडते. वेग अडतो तो वेगळा, कानाशी आवाज इतका होतो, की मागून आलेल्या एस.टी.चा हॉर्नही नीट ऐकू येत नाही. झिप पुढे असावी, गळ्यापर्यंत जाणारी आणि एका हाताने खालीवर होणारी. चढावर झिप उघडली, की निम्मा घाम तिथूनच जातो. इतका सोपा उपाय दुसरा नाही. काखेत किंवा पाठीला जाळीचे कापड असेल, तर उत्तम. पाठीवर पिशवी घेणाऱ्याने ह्याकडे जास्त लक्ष द्यावे, कारण पिशवीखालचा घाम बाहेर जायला वाटच नसते. रंग उठून दिसणारा, भगवा, पिवळा किंवा लाल असावा. पहाटेच्या धुक्यात काळे जाकीट ट्रकवाल्याला दिसत नाही. पाठीवर उजेडात चमकणारी पट्टी असेल, तर ती दागिन्यापेक्षा मोलाची समजावी.

ज्यांना बाह्यांचे जाकीट नकोसे होते, त्यांनी बिनबाह्यांची बंडी घ्यावी. छाती झाकली जाते, हात मोकळे राहतात. आपल्या सह्याद्रीत, जिथे सकाळी नऊनंतर ऊन तापू लागते, तिथे बंडी पुष्कळदा पुरेशी होते. आणि ही बंडी गावातल्या शिंप्यालाही शिवता येते. पुढच्या भागाला छत्रीचे किंवा तसलेच दाट विणीचे पातळ कापड, पाठीला खेळाच्या बनियनचे जाळीचे कापड आणि पुढे एक झिप. कापड विकत घेताना फुंकरीची परीक्षा मात्र करावी, कारण छत्रीच्या काही कापडांना आतून लेप असतो. बंडीची पाठ जाळीची असल्यामुळे पुढचे कापड थोडे बंद निघाले, तरी चालते. अशी बंडी महागड्या जाकिटाच्या बरोबरीची होईल, असे नाही. पण घाटापुरते काम ती चोख करील.

जाकिटाच्या आत काय घालावे, हेही तितकेच महत्त्वाचे. सुती बनियन घाम पिते आणि धरून ठेवते. उन्हाळ्यात ते सुखाचे, थंडीच्या उतारावर त्रासाचे. त्याऐवजी पातळ लोकरीचा किंवा खेळाडू घालतात तसा पॉलिएस्टरचा सदरा असावा. लोकरीचा गुण आपल्या धनगर बांधवांना कोणी शिकवायला नको. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतका ओलावा पोटात घेते, तरी हाताला चटकन ओली लागत नाही. भिजलेली घोंगडीही ऊब देते, ती ह्यामुळेच.

जाकीट केव्हा घालायचे आणि केव्हा काढायचे, ह्यालाही नियम आहे. चढ सुरू होण्याआधी ते काढून खिशात ठेवावे. निघताना थोडी थंडी वाजली, तर वाजू द्यावी. पाच मिनिटांत अंगात ऊब येते. माथ्यावर पोचल्याबरोबर, थंडी वाजण्याची वाट न पाहता, अंगात घालावे. चहा नंतर, जाकीट आधी! एकदा अंग निवले, की पातळ जाकीट ते पुन्हा तापवू शकत नाही. जाकीट ऊब निर्माण करत नाही. असलेली ऊब चोरीला जाऊ देत नाही, एवढेच त्याचे काम. जवळ कोरडा सदरा असेल, तर ओला काढून तो घालावा आणि वर जाकीट. हे केले, तर निम्मी लढाई जिंकली.

आपल्याकडची कितीतरी तरुण मंडळी अलीकडे हिमाचलात आणि लडाखात सायकल घेऊन जातात. मनालीहून निघणारा रोहतांगचा चढ मनालीपेक्षा सुमारे दोन हजार मीटर उंच, ३,९७८ मीटरवर नेतो. साडेसहा अंशांचा हिशेब लावला, तर माथ्यावर तेरा अंशांनी जास्त थंडी. लेहच्या वाटेवरची तंगलंग ला ही खिंड तर पाच हजार तीनशे मीटरांच्याही वर आहे. तिथे दीडशे ग्रॅमच्या जाकिटाच्या भरवशावर जाऊ नये. वारा अडवणारे जाकीट हवेच, पण त्याच्याबरोबर लोकरीचा किंवा पिसांचा उबदार थर, पावसा-बर्फासाठी वेगळे बंद जाकीट, कानटोपी आणि पूर्ण बोटांचे हातमोजे हवेत. सोबती गप्प झाला, शब्द अडखळू लागला, ब्रेक धरताना चाचपडू लागला, तर तिथेच थांबावे. त्याला वाऱ्याच्या आड बसवावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, नीट गिळता येत असेल, तर गरम गोड चहा पाजावा आणि गरज पडल्यास वैद्यकीय मदत मिळवावी. दारू मात्र मुळीच देऊ नये. तिने ऊब वाटते, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते.

निगा राखणे सोपे आहे. जाकीट कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावे, पिळू नये, सावलीत वाळवावे. कपडे मऊ करण्यासाठी जे द्रव मिळते, ते ह्याला लावू नये. कापडाची छिद्रे त्याने बुजतात. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ तर मुळीच नेऊ नये. एक ठिणगी पडली, तरी नायलॉन वितळून भोक पडते.

शेवटचे दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींसाठी. थंडीच्या दिवसांत मुलांची सायकल-सहल गडावर किंवा घाटात न्यायची असेल, तर प्रत्येक मुलाकडे भारी जाकीट असलेच पाहिजे, असा आग्रह धरू नये. तो पुष्कळ घरांना परवडणार नाही आणि त्याची गरजही नाही. आग्रह धरावा तो तीन गोष्टींचा: पाठीवरच्या पिशवीत एक कोरडा सदरा, छातीपुरते वारा अडवणारे काहीतरी आणि उतार सुरू होण्यापूर्वी सगळ्यांनी थांबून ते अंगावर घेण्याची शिस्त. वारा अडवणारे काहीच नसेल, तर कालचे वर्तमानपत्र आहेच. उतरण्याआधी प्रत्येकाला दोन्ही हातांच्या मुठी पाच वेळा मिटायला आणि उघडायला सांगावे. ज्याची बोटे नीट वळत नाहीत, त्याने बोटे काखेत धरून गरम करावीत. मगच सायकलवर बसावे.

थोडक्यात सांगायचे, तर जाकीट घेताना किंमत आणि नाव शेवटी पाहावे. आधी फुंकर मारावी, वाकून पाहावे, झिप ओढावी आणि घडी मुठीत मावते का, ते पाहावे. समोरचा वारा अडवील, आतला घाम सोडील आणि नको तेव्हा खिशात गप्प बसेल, ते जाकीट आपले. घाट चढायला पाय लागतात, पण सुखरूप उतरायला ऊब असलेली बोटे लागतात. ती सांभाळा.